आव गेली, गुडघा सुजला



स्वयंपाकघराच्या दारामागं तुमचंही एक कॅलेंडर लटकत असेल. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, गटाचा हप्ता, गाय कधी फळली, सगळं आपण त्यावर लिहितो. घरात कुणाला आव कधी लागली, हे मात्र कुणी लिहीत नाही. पोट चार दिवस बिघडतं, बरं होतं आणि विसरलं जातं. आज मी त्या न लिहिलेल्या तारखेचा इतिहास सांगणार आहे. तो बराच लांब जातो, थेट जर्मनी-फ्रान्सच्या लढाईपर्यंत. पण सुरुवात आपल्या कुडव्यापासून करू.

रोवणीचे दिवस आठवा. कुडवा गोंदिया शहराला लागून असला, तरी धानाच्या बांध्या काही दूर नाहीत. बाया सकाळी पऱ्हे काढतात, दिवसभर पोटरीभर चिखलात वाकतात, बांधावरच शिदोरी सोडतात. हात धुवायला पाणी म्हणजे बांधीचंच पाणी. पावसाळ्यात बोरिंगचं पाणीही कधी गढूळ येतं. समजा, अशात एका बाईला आव लागली. मुरडा, ताप, शेंब-रक्त. पाच दिवसांत बरी झाली, पुन्हा कामाला लागली. मग दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी उजवा गुडघा टम्म सुजला. टाच टेकवत नाही. पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत फुगलं. डोळे लाल झाले, लघवीला जळजळ होऊ लागली.

सासूबाई म्हणतात, चिखलात उभं राहून वात धरला. शेजारीण म्हणते, चिकनगुनिया. शेजारणीला हसू नका, तिला कारण आहे. १९७३ साली बार्शीला चिकनगुनियाची मोठी साथ आली होती आणि २००६ मध्ये तर महाराष्ट्रभर माणसं काठी टेकत चालत होती. सांधा धरला की तोच आठवणार. पण त्या बाईला तीन आठवड्यांपूर्वीची आव कुणी विचारत नाही, आणि ती आपणहून सांगत नाही. पुरुष डॉक्टरसमोर गुडघा दाखवता येतो. संडासचं आणि लघवीचं कसं बोलायचं?

आपल्या भाषेनं मात्र ही सांगड फार जुन्या काळी घालून ठेवली आहे. 'आव' हा शब्द 'आम' या शब्दापासून आला. आम म्हणजे कच्चं, न पचलेलं. आणि सांधे धरण्याच्या एका दुखण्याला वैद्य काय म्हणतात? आमवात. माधवकर नावाच्या वैद्यानं सुमारे तेराशे वर्षांपूर्वी 'माधवनिदान' हा ग्रंथ लिहिला, त्यात आमवातावर वेगळं प्रकरण आहे. अग्नी मंद झाला की अन्न नीट पचत नाही, त्याचा आम होतो, वात तो आम सांध्यांत नेऊन सोडतो, असा त्याचा विचार. जंतू त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याचा आमवात म्हणजे आजचा अमुकच रोग असं बोट ठेवून सांगता येणार नाही. त्यात आजचे तीन-चार वेगवेगळे रोग मिसळलेले असू शकतात. तरी सुजलेला गुडघा बघून पोटाकडे नजर वळवणारा तो माणूस मला मोठा वाटतो.

जंतू सापडायला १८९७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी जपानमध्ये आवेची भयंकर साथ होती, हजारो माणसं दगावत होती. कियोशी शिगा या तरुण डॉक्टरनं रोग्यांच्या शौचातून तो जंतू वेगळा काढला. त्याच्या नावावरून जंतूला शिगेला म्हणतात. हा जंतू फार चिवट. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आव लागते, म्हणजे नखात मावेल त्याच्याही कितीतरी कमी.

आता सांगा, आव लागल्याची तारीख वहीत लिहून ठेवणारं जगात कोण असतं? फौज. किती शिपाई लढायला उभे आहेत, किती दवाखान्यात पडले आहेत, हे रोज लिहावंच लागतं. म्हणून आव आणि गुडघा यांचं नातं जे पक्कं झालं, ते लढायांत.

पहिलं महायुद्ध, १९१६ साल. खंदकांत हजारो शिपाई, चिखल, घाण, माश्या. त्याच वर्षी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट लिहिली. फ्रान्सचे फिसांजे आणि लेरॉय यांनी आवेनंतर सांधे, डोळे आणि लघवीचा मार्ग सुजलेल्या शिपायांची हकीकत छापली. जर्मनीच्या हान्स रायटरनं बाल्कन आघाडीवरच्या एका लेफ्टनंटची तशीच हकीकत छापली. रायटरनं कारण मात्र चुकीचं सांगितलं. त्याला वाटलं, उपदंशाच्या जातीचा एक पिळदार जंतू याला जबाबदार आहे. तरी पुढं या रोगाला नाव चिकटलं ते रायटरचंच.

या रायटरची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. हिटलरच्या राजवटीत तो जर्मनीच्या सरकारी आरोग्य खात्याचा प्रमुख झाला. बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर टायफसच्या लसीचे प्रयोग झाले, माणसं मेली, त्या प्रयोगांशी याचा संबंध होता. (टायफस वेगळा, आपला टायफॉइड वेगळा.) युद्ध संपल्यावर तो पकडला गेला आणि काही काळानं सुटलाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनीच मागणी केली की असल्या माणसाचं नाव रोगाला नको. हळूहळू ते नाव पुस्तकांतून गेलं. जुन्या एखाद्या केसपेपरवर मात्र अजून दिसेल.

खरी मोजणी झाली फिनलंडमध्ये. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तिथल्या फौजेत आवेची प्रचंड साथ आली. अंदाजे दीड लाख माणसं आजारी पडली. पारोनेन या डॉक्टरनं त्यानंतर सांधे धरलेले ३४४ रुग्ण तपासले आणि १९४८ साली ते सगळं लिहून काढलं. म्हणजे हजारात दोन-तीन. नंतर १९६२ साली अमेरिकेच्या एका लढाऊ जहाजावर आव पसरली. जहाजावर १,२७६ जण होते, त्यांतले ६०२ आजारी पडले. त्या ६०२ पैकी नऊ जणांचे सांधे पुढच्या काही दिवसांत धरले. ज्यांना आव लागलीच नाही, त्यांच्यात असा एकही नाही. यापेक्षा साफ हिशेब कुठं मिळणार? सगळे एकाच जहाजावर, अन्न तेच, पाणी तेच, आणि रोजची नोंद.

आता या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? शिपाई, शिपाई, खलाशी. बाई कुठंच नाही. त्यामुळं कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या पुस्तकांत हा तरुण पुरुषांचा रोग म्हणून बसला. पुढं गावागावांतल्या, शहरांतल्या जुलाबाच्या साथी तपासल्या गेल्या तेव्हा कळलं की पोट बिघडल्यानंतर येणारा हा संधिवात बाईला आणि पुरुषाला सारखाच होतो. बायांना होत नव्हता असं नाही. बायांची वही कुणी ठेवली नव्हती.

मग प्रश्न उरला की पोटातला जंतू गुडघ्यात जातो कसा? डॉक्टरांनी सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी सुईनं काढलं, वाढवून पाहिलं. त्यात जिवंत जंतू मिळेना. १९६९ मध्ये पुन्हा फिनलंडच्याच डॉक्टरांनी या प्रकाराला नवं नाव दिलं, रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस. म्हणजे शरीराच्या प्रतिक्रियेतून आलेला संधिवात. आपल्याकडे रानडुक्कर धानात शिरतं, तेव्हा काय होतं आठवा. राखणदार आरडाओरडा करत काठ्या घेऊन धावतात. डुक्कर कधीच पळून गेलेलं असतं, पण अंधारात यांची धावाधाव चालूच राहते आणि उरलेलं धान तुडवलं जातं ते राखणदारांच्याच पायांनी. गुडघ्यात तसंच होतं. १९८९ मध्ये फिनलंडच्या कैसा ग्रानफोर्स आणि त्यांच्या सोबत्यांना अशा रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात जंतूचे नुसते तुकडे सापडले. डुक्कर नाही, काट्याच्या कुंपणाला अडकलेले त्याचे केस.

हे सगळ्यांना का होत नाही, याचं अर्धं उत्तर १९७३ नंतर मिळालं. काही जणांच्या रक्तात जन्मापासून एक खूण असते, तिला एचएलए बी-२७ म्हणतात. ती असली तर हा त्रास होण्याची शक्यता वाढते आणि झालाच तर जास्त दिवस रेंगाळतो. पण खूण नाही म्हणून होणारच नाही, असंही नाही. आपल्या देशात लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये दाखवलं की इकडच्या अशा रुग्णांत साल्मोनेला या जुलाबाच्या जंतूचा हात असतो. साल्मोनेला कोंबड्यांच्या विष्ठेत, अंड्याच्या कवचावर, कच्च्या मांसावर असू शकतो. खुराडं झाडून तसाच हात पिठाला लावू नये, तो यासाठी.

या प्रकारात बहुतेक जणी काही महिन्यांत बऱ्या होतात. डॉक्टर सूज उतरवायच्या गोळ्या देतात, त्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नसतात. आव कधीच बरी झालेली असेल, तर अँटिबायोटिकचा गुडघ्याला सहसा उपयोग होत नाही. थोड्या जणींचं दुखणं वर्ष ओलांडून जातं, त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडं जावं. ज्याला पदवी नाही अशा माणसाकडून 'ताकदीचं' इंजेक्शन मात्र घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. चार दिवस इतकं बरं वाटतं की पाचव्या दिवशी बाई पुन्हा त्याच्याच दारात उभी.

इथवर जे सांगितलं तो डुक्कर पळून गेल्यावरचा धिंगाणा. दुसरा प्रकार वेगळा, आणि तो ओळखायला उशीर करून चालत नाही. त्यात डुक्कर स्वतःच बांधीत बसलेलं असतं. जिवंत जंतू रक्तातून सांध्यात किंवा हाडात उतरतो आणि तिथं पू होतो. अशा वेळी बहुतेकदा एकच सांधा धरतो, हात लावला तर गरम लागतो, ताप चढतो, लेकरू पाय हलवूच देत नाही. सांध्यातली मऊ कुर्चा काही दिवसांत खाल्ली जाते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं, सुईनं पाणी काढून तपासलं, पू धुऊन काढला, शिरेतून औषध दिलं, तर सांधा वाचतो. घरी गरम तेल चोळत, शेक देत आठवडा घालवला, तर लेकरू जन्मभर लंगडतं. बहुतेक वेळा हा जंतू कातडीवरचा असतो, एखाद्या फोडातून, जखमेतून शिरलेला. पण काही वेळा तो आतड्यातून येतो.

उतारवयातला एक प्रकार पटकन सांगते. आतड्यात राहणारा एक जंतू आहे, स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या नावानं डॉक्टर त्याला बरीच वर्षं ओळखत. तो एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्तात किंवा सांध्यात सापडला, तर डॉक्टर दुर्बिणीनं मोठं आतडं तपासायला सांगतात. कारण अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या आतड्यात गाठ किंवा कॅन्सर निघतो, हे १९७७ पासून माहीत आहे. दुखणं गुडघ्याचं आणि तपासणी आतड्याची, असं डॉक्टर म्हणाले तर ते वेळकाढूपणा करत नाहीत.

आता आपल्या भागाचं. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आदिवासी समाजांत आहे, इतर समाजांतही आहे. या रोगाचं पहिलं वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी छापलं, ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका मुलाचं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरात या रोगाच्या पेशी सापडल्या. आणि १९५८ मध्ये नागपूरचे डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित मासिकात. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या होतं, पण कागदावर यायला १९५८ साल लागलं. तोवर लेकरं 'हातपाय दुखून' जात होती, एवढंच घरच्यांना माहीत.

याच सुमारास, १९५७ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिकलसेलच्या रुग्णांच्या हाडांत साल्मोनेला सापडतो, हे एका लेखात मांडलं. जुलाबाचा जंतू, आणि हाडात पू! त्याआधीही एक-दोघांना अशी शंका आली होती. कारण हळूहळू उलगडलं. विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आतड्याच्या अस्तराला रक्त कमी पडतं, तिथं बारीक जखमा होतात, जंतूला रक्तात उतरायला फट मिळते. रक्तातले जंतू गाळून काढायचं काम पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचं. सिकलसेलच्या लेकरात ती लहानपणीच निकामी होत जाते. आणि हाडांतही पेशी अडकून थोडा थोडा भाग मेलेला असतो, तिथं जंतूला आयतं घर मिळतं. इतर लेकराला ज्या जुलाबानं दोन दिवस त्रास होतो, तोच जुलाब या लेकराच्या मांडीच्या हाडापर्यंत, खुब्यापर्यंत पोहोचू शकतो.

यात आईची खरी कसोटी आहे. सिकलसेलच्या लेकराचे हातपाय तर वरचेवर दुखतातच. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे तळहात, तळपाय सुजतात, तेही पेशी अडकल्यामुळं. मग नेहमीची कळ कोणती आणि पू झालेला सांधा कोणता, हे कसं ओळखायचं? खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही नुसतं बघून ओळखता येत नाही. रक्त तपासावं लागतं, सोनोग्राफी करावी लागते, कधी एमआरआय, कधी सुईनं पाणी काढावं लागतं. म्हणून सिकलसेलच्या लेकराला १०१ च्या वर ताप आला, तर 'नेहमीचंच आहे' म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. त्यातही एकाच जागी कळ बसली असेल, नेहमीच्या गोळीनं उतरत नसेल आणि मागच्या काही दिवसांत जुलाब झाले असतील, तर या तिन्ही गोष्टी दारातच सांगायच्या. केसपेपर काढणाऱ्याला सांगायच्या, सिस्टरला सांगायच्या, डॉक्टरला पुन्हा सांगायच्या. लेकरू एसएस आहे की एएस, तेही. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा हा त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण.

तपासणी अजून झालीच नसेल, तर आशाताईंना विचारा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, त्यात लेकरांपासून चाळिशीपर्यंतच्या माणसांची तपासणी आणि कार्ड देणं, दोन्ही आहे. ते कार्ड बहुतेक घरांत लोखंडी पेटीत, रेशन कार्डाच्या आणि जातीच्या दाखल्याच्या खाली असतं. रात्री दोन वाजता ताप चढल्यावर पेटीची किल्ली शोधायची की रिक्षा बघायची?

कॅलेंडरच्या खिळ्यालाच दोरी बांधून कार्ड अडकवा. आणि त्याच कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी, लेकराला जुलाब लागला त्या तारखेच्या चौकोनात एक 'जु' लिहा. आव असेल तर 'आ'. सुनेला लागली तर सुनेचं, स्वतःला लागली तर स्वतःचं. पुढच्या महिन्यात कुणाचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी विचारलं, 'मागं पोट बिघडलं होतं का?' तर पान उलटून तारीख सांगता येईल. आणि त्यांनी विचारलं नाही, तरी सांगता येईल.